तिच्या वाटचं जळण

मागच्या डिसेंबरात एक मुलगी आमच्या दारात आली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटोचं कार्ड, हातात पाटीएवढा मोबाइल. मी अंगणात घमेल्यात जळण पेटवून बसलो होतो. तिनं आधी धुराचा फोटो काढला आणि मग मला नमस्कार केला.

"आजोबा, कॉलेजचा सर्व्हे आहे. पाचच मिनिटं. घर गरम ठेवायला तुम्ही लाकूड का जाळता?"

"थंडी वाजते म्हणून."

"ते हो. पण रीझन काय? ऑप्शन्स आहेत. स्वस्त पडतं, सहज मिळतं, वीज परवडत नाही, की सवय आहे?"

"तुमच्या घरी ट्यूब असताना देवापुढं दिवा लावतात ना? मग तो स्वस्त पडतो म्हणून, की वीज परवडत नाही म्हणून?"

"ते वेगळं आहे, आजोबा."

"मग हेही वेगळं. लिही, वेगळं."

तिनं मान वर करून आमच्या घराकडं पाहिलं. दोन मजले, पुढं मोटार, पायऱ्यांना चकचकीत दगड. मग बोटानं कुठंतरी टिचकी मारली. माझे डोळे लांबचं अजून नीट बघतात. 'सवय' वर मारली.

जाता जाता म्हणाली, "धुरानं फुप्फुसांना त्रास होतो. घरच्यांना पण होतो. आजींना विचारा."

"विचारतो," म्हणालो. "भेटली की विचारतो."

तिला काही कळलं नाही. शेजारच्या गेटवर जाऊन तिनं बेल दाबली. मी तिच्याशी वाईट वागलो असं माझी सून नंतर म्हणाली. वागलो. पण घरात न डोकावता घरातल्या माणसाचं कारण लिहून नेणं हे चांगलं वागणं असेल, तर मला ते शिकवलं नाही कुणी. मी चौथीपर्यंत गेलो, तेवढ्यात ते आलं नव्हतं. ती सवय लिहून गेली, म्हणून मी हे लिहायला बसलो.

आमचं घर मांजरीत. आता त्याला पुणे म्हणतात. आम्ही जागचे हललो नाही. एका बाजूला नदी, मधून कालवा, त्यात ऊस, आणि उसात उभे केलेले बारा-बारा मजल्यांचे डबे. पाणी आणि ऊस जिथं, तिथला गारठा पेठेतल्या माणसाला कळायचा नाही. तो स्वेटर घालून बुधवार पेठेत फिरतो आणि काय मस्त थंडी पडली म्हणतो. आमच्याकडं ती जमिनीतून वर येते, पायाच्या तळव्यातून चढते आणि गुडघ्यात मुक्कामाला बसते.

तरी पूर्वी घर तापवायला म्हणून कुणी लाकूड जाळलेलं मला आठवत नाही. लाकूड भाकरीला जाळायचे, अंघोळीच्या पाण्याला जाळायचे. घर आपोआप तापायचं. मातीच्या भिंती दिवसभर ऊन खायच्या, चूल त्यांना संध्याकाळी आणखी खायला घालायची, आणि शेणानं सारवलेली जमीन पायाला कधी बोचली नाही. मग रान विकलं. विकावं असं पोराला वाटलं, मी सही केली, त्यात दोष एकट्या पोराचा नाही. रानाच्या जागी सोसायटी झाली आणि मातीच्या घराच्या जागी हे संगमरवराचं घर झालं. पोरानं हौसेनं बांधलं. पाहुणे यायचे, फरशीत तोंड बघायचे. पहिल्या हिवाळ्यात माझी बायको त्या फरशीवरून चालली आणि म्हणाली, "हे घर हाय का मयताची पेटी?" पोराला ते लागलं. पण खोटं काय होतं त्यात? स्वयंपाकघर एका टोकाला, गॅसची आग भांड्यापुरती, वर धूर ओढून बाहेर फेकणारा पंखा. धुराबरोबर ऊबही बाहेर.

रान विकलं तेव्हा बांधावर आंब्याचं एक झाड होतं. जाडजूड, म्हातारं, आंबा आंबट. बिल्डरचं मशीन आलं त्या दिवशी ती बांधावर जाऊन उभी राहिली. ठेकेदाराला वाटलं, बाई रडणार. ती म्हणाली, "झाड तुमचं. लाकूड माझं. करवत लावा आणि माझ्या गोठ्यात आणून टाका." ठेकेदार हसला, पण आणून टाकलं. तिच्यासमोर नाही म्हणणं सोपं नव्हतं, मला माहीत आहे.

गोठ्यात गुरं राहिली नव्हती. तिथं तिनं खाली दगड मांडले, म्हणजे वाळवी लागू नये, आणि त्यावर ओंडके रचून घेतले. प्रत्येक ओंडक्याच्या तोंडाला कावेचं बोट ओढलं, तांबडं. म्हणजे हे घरातल्या जळणात मिसळायचं नाही. होळीला गावातली पोरं लाकडं चोरत फिरायची, तर होळीच्या आदल्या दिवशी ही बाई गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायची. पोरं लांबून विचारायची, "काकू, एक तरी द्या की." ती म्हणायची, "एवढ्यात नाय. मी गेल्यावर घिऊन जा, तेव्हा खांद्यावर वाहायला लागतील." पोरं पळायची.

कारण ती लाकडं तिच्या सरणाची होती.

हे ऐकून लोक अंग चोरतात. चोरू द्या. तिचं माहेर वारज्याचं. तिची आई चाळीस वर्षांपूर्वी भर पावसाळ्यात गेली. लाकूड सगळं ओलं. पेटेना म्हणून तिच्या भावानं, म्हणजे माझ्या मेहुण्यानं, पंक्चरच्या दुकानातून जुने टायर आणून सरणात घातले. बायका स्मशानात जात नाहीत, पण वास घरापर्यंत आला. मेहुणा परत आला तेव्हा त्याचं तोंड काजळीनं काळं होतं आणि हिनं त्याला अंघोळीचं पाणी काढून दिलं. त्याला ती एक शब्द बोलली नाही. मला मात्र आयुष्यभर बोलली. "माझ्या आईला गाडीसारखी जाळली." जेवताना, भांडताना, टीव्ही बघताना, कधीही.

तर गोठ्यात लाकडं रचून झाल्यावर तिनं मला तिथंच उभं केलं.

"मला सुक्या आंब्यावर न्यायचं. टायर नको, तेल नको, ती इजेची भट्टी नको. व्हय म्हना."

"आधी मी जाणार. तू कशाला?"

"तुमी गेलात तर ह्यातलं एक ढलपं मिळायचं नाय. तुमी तुमची बाभळ बघा."

मी हो म्हणालो. सगळं ह्या हो म्हणण्याचं आहे.

सात वर्षं ती लाकडं सुकली. मग गेल्याच्या आधीच्या दिवाळीनंतर ती आजारी पडली. अंगात रक्त बनत नव्हतं. दवाखान्यात बाटल्यांनी रक्त चढवायचे, गार, पेटीतून काढलेलं. घरी आली ती थंडी घेऊनच आली. दोन गोधड्या, वर पोरानं आणलेली मऊ रजई, पायात मोजे, डोक्याला टापशी, आणि आत ती कुडकुडत. हात धरला तर हंड्याला हात लावल्यासारखा गार.

पोरानं विजेचा हीटर आणला. लाल कांड्यांचा. ती त्याच्याकडं पडल्या पडल्या बघायची. म्हणाली, "हा नुसते डोळे वटारतो." तोंडाला झळ लागायची, घसा कोरडा पडायचा, पाठ गारच. त्यात वरच्या मजल्यावर कुणी गिझर लावला की खालचा खटका पडायचा. मग अंधारात पोरगा वर, सून खाली, "तू बंद कर," "तू बंद कर," आणि मधे ती थंडीनं दात वाजवत पडलेली. ज्यांना वीज स्वच्छ वाटते त्यांनी हे एकदा बघायला यावं.

म्हणून मी घमेलं काढलं. अंगणात जाळ करायचा, धूर सगळा निघून जाऊ द्यायचा, इंगळ लालबुंद झाले की घमेलं दोन विटांवर तिच्या पलंगाशेजारी ठेवायचं. डॉक्टरनं दम दिला होता, "कोंदट करू नका, खिडकी उघडी ठेवा, नाहीतर झोपेत दोघंही जाल." बरोबरच होतं त्याचं. मी खिडकी बोटभर उघडी ठेवायचो आणि स्वतः जागा बसायचो. इंगळाची ऊब वेगळी असते. ती अंगावर येत नाही, अंगात येते. दहा मिनिटांत तिचे खांदे खाली यायचे. तोवर ते कानाला लागलेले असायचे. खांदे खाली आले की मला कळायचं, आता माणूस घरात आला.

फरशीला डाग पडला. पोरगा म्हणाला, "अण्णा, मार्बल आहे ते." मी म्हणालो, "आई आहे ती."

सोसायटीतल्या एक बाई मात्र खाली आल्या. "काका, आमच्या बाल्कनीत धूर येतो."

"आमच्या शेतात तुमची बाल्कनी आली. मी काही बोललो का?"

"अहो, पण माझ्या सासऱ्यांना दमा आहे."

 मी आत निघून गेलो. दुसऱ्या दिवसापासून जाळ घराच्या मागं, उसाच्या बाजूला करायला लागलो. त्यांना सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, म्हातारा घाबरला.

मला धूर कळत नव्हता असं नाही. एकदा चूकही केली. बिल्डरच्या दुसऱ्या इमारतीच्या साइटवर सेंट्रिंगच्या फळ्या आणि प्लायचे तुकडे फुकट पडलेले होते. आपल्याच रानात पडलेत म्हणून उचलून आणले. त्याला तेल पाजलेलं असतं, आत डिंक असतो. इंगळ बरे दिसले, पण वास उग्र निघाला. ती खोकून खोकून निळी पडली. घमेलं मी उचलून बाहेर भिरकावलं. तिनं दम घेतला आणि म्हणाली, "टायरच आणायचा राहिला होता." पुन्हा साइटवर गेलो नाही.

चांगलं जळण मिळायचं कुठं? गावात लाकडाची वखार होती, तिथं आता व्यायामशाळा आहे. काचेच्या आत लोक जागच्या जागी धावतात. हडपसरच्या पलीकडून एकानं सुबाभूळ आणून दिली, आठवड्यापूर्वी तोडलेली. ओलं लाकूड. अर्धा दिवस फुंकलं तरी तोंडातून फेस काढतं आणि धुमसत बसतं. आणि नेमकी जानेवारीत थंडीची लाट आली. उसावर सकाळी पांढरं दिसायला लागलं.

तेव्हा ती म्हणाली, "गोठ्यातली लाकडं आणा."

"कुठली?"

"गोठ्यात काय सागवान रचलाय का? माझी."

"ती नाय मिळायची."

"का?"

"सरणाचं लाकूड जित्या माणसाच्या उशाशी पेटवत नसत्यात. तुला सांगायला पायजे?"

"ते सरणाचं कधी झालं? मी अजून मेले नाय. आज ते आंब्याचंच हाय."

मी उठून बाहेर गेलो. मला राग आला होता. खरं तर भीती वाटली होती, पण मला भीती वाटली की राग येतो, जन्मापासून तसंच आहे. वाटलं, ते लाकूड उंबऱ्याच्या आत आलं की आपणच तिला बोलावणं पाठवलं. आमच्यात असंच मानतात. सरणाचं जळण घरात आणायचं नाही, चुलीला लावायचं नाही. मी तसंच मानलं. तीन दिवस मानलं. तीन दिवस ओली सुबाभूळ फुंकत बसलो, निम्मेअर्धे काळे इंगळ तिच्याशेजारी नेऊन ठेवले, आणि पंधरा पावलांवर सात वर्षं सुकलेला आंबा रचून ठेवलेला. त्या तीन दिवसांत तिचे खांदे खाली आले नाहीत. ती काही बोलली नाही. भिंतीकडं तोंड करून पडली. मला न बोलणारी ती कधी दिसलीच नव्हती.

मेहुणा मला पुढं काय काय बोलला, ते मी ऐकून घेतलं. पण ह्या तीन दिवसांबद्दल कुणी बोललं नाही. त्याबद्दल बोलायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "पाणी नको. जवळ बसा." मी बसलो. तिनं तिचा पाय रजईतून काढून माझ्या मांडीवर ठेवला. उघडा. नुसता ठेवला. बर्फाचा तुकडा ठेवावा तसा.

"मेल्यावर मला थंडी वाजणार हाय का?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग तेव्हा कशाला पायजेत मला?"

"मी हो म्हणालो होतो. सुक्या आंब्यावर नेईन म्हणून."

"मी सोडलं त्यातनं. कशावर बी न्या."

"टायरवर?"

तिनं पाय रजईत ओढून घेतला. मग म्हणाली, "टायर नको. तेल बी नको. तेवढं बघा."

"आणि इजेची?"

"ती तर ती. इथनं उठा आन जाळ करा."

मी गोठ्यात गेलो, कुऱ्हाड घेतली आणि पहिला ओंडका फोडला. आतून लाकूड पिवळं, कोरडं, वाजलं तेसुद्धा भांड्यासारखं. धूर जवळजवळ नाहीच. इंगळ असे पडले की माझंच तोंड भाजलं. घमेलं आत नेलं. ती बघत होती. दोन्ही हात बाहेर काढले, तळवे इंगळावर धरले. खांदे खाली आले. म्हणाली, "आंबट होता मेला. पण जळतो गोड."

त्यानंतर साधारण महिनाभर रोज जाळ झाला. सकाळी आणि संध्याकाळी. त्या महिन्यात ती जेवली, नातसुनेनं काय नेसावं यावर बोलली, नातवाचं लग्न अजून ठरलेलं नसताना. मला शिव्या दिल्या. रास कमी होत गेली ते मला दिसत होतं. शेवटी एक ओंडका राहिला. गाठीचा. बुंध्याजवळचा, कुऱ्हाड घेत नव्हता. त्यात मी पाचर ठोकून ठेवली आणि म्हणालो, उद्या बघू. उद्या सकाळी ती उठली नाही.

नेमकं त्याच आठवड्यात अवकाळी पावसानं झोडपलं होतं.

वारज्याहून मेहुणा आला. रडला, खरं रडला, मी नाही म्हणत नाही. मग डोळे पुसले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, आक्काची लाकडं काढा."

अंगणात माणसं. भावकी, शेजारी, पोराच्या ऑफिसातले चार जण. सगळे गोठ्याकडं बघत होते, कारण ती लाकडं गावात सगळ्यांना माहीत होती. मी म्हणालो, "नाहीत."

"नाहीत म्हंजे?"

"जाळली."

"कशाला जाळली?"

"शेकायला."

तो एक पाऊल मागं गेला. मग ओरडला, "बहिनीचं सरण पेटवून शेकत बसला? लाज हाय का? सात वर्सं तिनं जपली. पोरास्नी एक काटकी दिली नाय. आन तुमी?"

मला सांगता आलं असतं. तिनंच सांगितलं म्हणून, ह्या ह्या दिवशी म्हणून. एक वाक्य लागलं असतं. मी ते बोललो नाही. मनात म्हणालो, ज्यानं आईला टायरवर जाळलं, त्याला मी हिशेब देणार नाही. असा मी आहे. अजून आहे.

पूर्वी गावात कुणी गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड यायचं. न सांगता. माणूस यायचा तोच खांद्यावर लाकूड घेऊन. त्या दिवशी लोक हार घेऊन आले. जळण आता कुणाच्या घरी आहे? एक जुना शेजारी तेवढा मोडक्या बाजेचे दोन खूर घेऊन आला आणि ओशाळून उभा राहिला. त्याचे मी पाय धरायला हवे होते.

स्मशानात रचायला लाकूड होतं, पण पावसानं भिजलेलं. तिथला माणूस म्हणाला, "पेटेल, डिझेल टाकून पेटवू." मेहुणा म्हणाला, "चालेल. पण लाकडावरच. रीतीनं झालं पायजे."

मी म्हणालो, "डिझेल नाही. इजेवर."

"तुमाला तिची कायच किंमत नाय," तो म्हणाला. सगळ्यांसमोर म्हणाला. पोरानं मान खाली घातली. म्हणजे त्यालाही तसंच वाटलं.

विजेच्या दाहिनीशी मी तो गाठीचा ओंडका घेऊन गेलो. पाचर तशीच आत. तिथला माणूस म्हणाला, "काका, लाकूड आत चालत नाही." मी म्हणालो, "तिच्यासोबत जाऊ दे, एकच आहे." तो म्हणाला, "मशीन आहे ते." बरोबर आहे. मशीनच होतं. दार वर गेलं, ती आत गेली, दार खाली आलं. मी ओंडका काखेत धरून उभा. परत येताना पोरगा म्हणाला, "अण्णा, डिकीत ठेवा." मी तो मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसलो.

दहाव्याला मेहुणा आला नाही. तेराव्यालाही आला नाही. वारज्यात सांगत फिरला, दाजीनं आक्काचं सरण शेकलं. हे माझ्या कानावर चार वेगवेगळ्या तोंडांनी आलं, प्रत्येकानं आपली फोडणी घालून. एकाच्या सांगण्यात तर मी त्या लाकडांवर कोंबडी भाजली होती.

वर्षश्राद्धाला तो आला. येणारच, सख्खा भाऊ. सकाळी सातला, भटजींच्याही आधी. पोरगा जाऊन गाडीतून घेऊन आला. वर्षात बराच वाळला होता. कानटोपी, मफलर, हातात काठी. आत येऊन फरशीवर पाय ठेवला आणि तसाच मागं फिरून अंगणात आला.

"लई गार हाय आत," म्हणाला. माझ्याशी नाही, अंगणाशी.

"मयताची पेटी म्हणायची ती."

"कोन?"

"तुझी बहीण."

तो खुर्चीवर बसला. हात काखेत घातले. थोड्या वेळानं ओठ थरथरायला लागले, ते त्यानं मफलरनं झाकले. त्याचे खांदे कानाला लागलेले होते. मी ते पाहिलं आणि मला ते पाहायचं नव्हतं.

"पेटवायला काय हाय का?" त्यानं विचारलं. "गुडघे धरल्यात."

सुबाभूळ होती. ओली. धुमसणारी. मनात आलं, हीच पेटवावी आणि बस म्हणावं खोकत. गोठ्यात गेलो ते ती घ्यायलाच. पण दगडांवर तो गाठीचा ओंडका बसलेला होता. वर्षभर मी त्याला हात लावला नव्हता. माझ्या सरणात तेवढा तरी घालावा असं पोराला सांगणार होतो. मग तिचं बोलणं आठवलं. तुमी तुमची बाभळ बघा.

ओंडका उचलून अंगणात आणला, कुऱ्हाड उलटी करून पाचरीवर तुंबा घातला. पहिल्या घावाला नाही, दुसऱ्याला नाही. माझं वय झालं आहे. मेहुणा बघत होता. तिसऱ्याला तो गाठीतून उकलला आणि एक फोड उडून त्याच्या पायाशी पडली. तांबडं बोट वर. त्यानं ती उचलली, अंगठा त्या कावेवरून फिरवला. ओळखली.

"ही जाळायची?" म्हणाला.

"शेकायलाच हायेत. तिनं सांगितलं होतं. शेवटच्या महिन्यात. लई थंडी वाजायची तिला. म्हणाली, मेल्यावर कशाला पायजेत, आता आणा. मी तीन दिवस आणली नाही. मग आणली."

मी एवढं एकदम बोललो याचं मलाच वाईट वाटलं. वर्षभर राखून ठेवलेलं असं अंगणात सांडलं.

तो फोड हातात धरून बसला. "मग त्या दिवशी बोलला का नाय?"

"तू टायर आणले होते म्हणून."

हे मी बोलायला नको होतं, किंवा चाळीस वर्षांपूर्वीच बोलायला हवं होतं. त्याचं तोंड उघडं राहिलं. रस्त्यावर सोसायटीची शाळेची बस येऊन हॉर्न वाजवत होती. ती गेल्यावर तो म्हणाला, "तवा पाऊस थांबतच नव्हता, दाजी. आईला तसंच अर्धं टाकून यायचं का? मी काय करायचं होतं?"

मी फोडी गोळा करायला लागलो.

"आक्का मला कधी तोंडावर बोलली नाय त्यावरनं," तो म्हणाला.

"मला रोज बोलली."

"काय बोलायची?"

मी सांगितलं नाही. फोडी घमेल्यात रचल्या, खाली चिपाडं घातली, काडी लावली. लगेच पेटलं. जाळ खाली बसला, इंगळ पडले, तसा मी घमेलं विटांवर ठेवलं, मधे, दोघांच्या बरोबर मधे नाही, माझ्या बाजूला थोडं जास्त. त्याच्या हातात ती कावेची फोड तशीच होती. त्यानं ती माझ्याकडं धरली. मी घेतली नाही. मग त्यानं स्वतःच वाकून ती इंगळावर ठेवली, हलक्या हातानं, आणि दोन्ही तळवे त्यावर धरले.

आतून सुनेनं हाक मारली, भटजी आले म्हणून. आम्ही उठलो नाही. त्याचे खांदे खाली येईपर्यंत मी वाट बघितली. मग काठीनं घमेलं ढकलून त्याच्या बाजूला केलं आणि आत पिंडाला बसायला गेलो.